विषय: तीन बाजूंनी गुंडाळलेले कॉलम आणि ‘भूकंप झाल्यावर कळवा’ हे तुमचे उत्तर

मा. व्यवस्थापक, तांत्रिक विभाग,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. पत्र मुद्दाम तुमच्या विभागाला लिहितो आहे, कारण भूकंपासाठी तुम्ही आमच्या कॉलमभोवती इपॉक्सीने चिकटवलेले कार्बन फायबरचे कापड, म्हणजे रॅप, कशासाठी असते हे निदान तुम्हाला तरी ठाऊक असणार.

आमच्या तळमजल्याचे कॉलम जुन्या पद्धतीचे आहेत. उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा लांब लांब अंतरावर, त्यांचे हूक काटकोनात, आणि सळ्यांचा लॅप, म्हणजे जोड, नेमका फरशीच्या वर. भूकंपात कव्हर, म्हणजे सळ्यांवरचे बाहेरचे काँक्रीट, सुटले की असे हूक उघडतात, सळ्या बाहेर वाकतात आणि आतल्या काँक्रीटला धरून ठेवायला काही उरत नाही. हे मी तुम्हाला शिकवत नाही, तुमच्याच विक्री प्रतिनिधीने आम्हाला शिकवले आहे. जपानमधल्या कोबेच्या १९९५ च्या भूकंपाचे फोटो, २००१ चा भूज, केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत मोकळ्या पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारती कशा कोसळल्या, सगळे दाखवून झाले. घाबरवण्यात तुमची माणसे पक्की तयार आहेत.

काही कॉलमना एका बाजूने कमरेइतकी विटांची भिंत टेकलेली आहे. भिंतीने खालचा भाग आवळून धरला की हलायला वरचा आखूड तुकडाच उरतो आणि सगळा शिअर, म्हणजे आडवा कातरणारा जोर, त्याच्यावर येतो. म्हणून आधी भिंत कापून कॉलम मोकळा करायचा, मग चारी बाजूंनी रॅप घ्यायचा, असे ठरले होते. भिंत कापल्याचे पैसे तुमच्या बिलात आहेत. भिंत मात्र जशीच्या तशी आहे! तुमच्या कारागिरांनी कापड भिंतीच्या दोन्ही कडांपर्यंत आणले, ब्लेडने कापले आणि कडेवर पुट्टी ओढली. म्हणजे वर चार बाजू, खाली तीन. बक्कल नसलेला पट्टा कमरेला कितीही महागाचा बांधा, पँट सांभाळणार आहे का तो?

शिवाय फरशी फोडायला नको म्हणून रॅप जमिनीपासून वीतभर वरच सुरू केला आहे. लॅप कुठे आहे ते वर लिहिलेच आहे. सर्वाधिक जोर जिथे येणार, तो भाग उघडा!

कोपऱ्यांचे सांगतो. तुमचे माहितीपत्रक म्हणते, कोपरे २५ मिमी त्रिज्येने गोल करावेत. चौकोनी कॉलमला रॅपचा दाब मुख्यतः कोपऱ्यांवरच मिळतो आणि तीक्ष्ण कडेवर धागे तुटतात, म्हणून. एका ठिकाणी रंगाचा पापुद्रा निघाला आहे, तिथे बोट फिरवले तर कड सरळ हाताला लागते. त्याच कॉलमवर नाण्याने ठोकत गेलो, तर छातीच्या उंचीला परातीएवढ्या भागात पोकळ आवाज येतो, म्हणजे तिथे कापड चिकटलेलेच नाही. तुमच्या साइट इंजिनियरचे म्हणणे, ‘इपॉक्सी अजून सेट होतंय.’ त्यावर रंगाचे दोन हात होऊन वाळलेसुद्धा, साहेब. पुल-ऑफ चाचणीचा, म्हणजे रॅप ओढून त्याची पकड तपासल्याचा, अहवाल मागितला, तर रंगवलेल्या कॉलमचा फोटो आला. छान आला आहे.

आता आजचा फोन. आधी एका मुलीने विचारले, ‘तक्रार कशात नोंदवू? गळती, रंग की डिलिव्हरी?’ मी म्हटले, यातले काही नाही, काम अर्धवट आहे. ‘मग गळती टाकते, सर.’ तिचा दोष नाही, तिच्यासमोर तेवढेच पर्याय असतील. मग वरिष्ठ आले.

‘काका, कॉलमला तडा गेलाय का?’

‘नाही.’

‘वाकलाय?’

‘नाही.’

‘मग प्रॉब्लेम काय आहे?’

मी तीन बाजूंचे सांगितले. ते म्हणाले, ‘तीन बाजूंनी केलंय म्हणजे पंचाहत्तर टक्के झालंच की.’ मी म्हटले, बंद वेढा नसेल तर आतले काँक्रीट आवळले जात नाही, हा टक्क्यांचा हिशोब नाही. थोडा वेळ शांतता. मला वाटले, समजले. मग म्हणाले, ‘असं करा, भूकंप झाला आणि काही डॅमेज दिसलं तर लगेच कळवा. वॉरंटीत बसतंय.’

लगेच कळवा! कुठून कळवू? ढिगाऱ्याखालून?

आणि वॉरंटीत बसतही नाही. फोन ठेवल्यावर कागद काढून वाचला. ‘नैसर्गिक आपत्तीमुळे झालेले नुकसान वगळून.’ भूकंपासाठी विकलेल्या वस्तूची वॉरंटी भूकंप सोडून! हे वाक्य लिहिणाऱ्याला माझा नमस्कार कळवा.

शांतपणे लिहायचे ठरवले होते, पण तीन बाजूंनी गुंडाळलेला कॉलम रोज जिना उतरताना समोर दिसतो. वर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही सांगून बसलो आहोत की आता काळजी नाही. तुमचे नाव ऐकून, जरा जास्त पैसे मोजून, सभेत इतरांशी भांडून तुम्हाला काम दिले. स्वस्तातल्या कंत्राटदाराने निदान काँक्रीटचे जॅकेट तरी चारी बाजूंनी घातले असते.

भिंती कापा. खालची फरशी फोडा, रॅप पायापर्यंत न्या. कोपरे घासून चारी बाजूंनी पुन्हा करा, आणि पोकळ भाग इंजेक्शनने भरून भागवू नका, काढून नव्याने लावा. पुल-ऑफ चाचणी आमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरसमोर होईल. तोवर उरलेला हप्ता मिळणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर हेच पत्र फोटो आणि बिलासह ग्राहक न्यायालयात जाईल.

फोन करू नका.

सचिव,
रहिवासी संघ