बाजरी म्हण रे, तांदूळ नको

नगर, ३ जानेवारी

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार. (आमच्या चर्चात एकमेकांना सलाम म्हणतात, पण तुला सलाम केला की तू कॉलेजापासून उगाच टाचा जुळवून सॅल्यूट मारतोस, म्हणून नमस्कारच.)

तुझा तो फॉरवर्ड वाचला, आणि खाली तू लिहिलेलं, 'सॅम्या, हे खरंय का रे, तांदळाच्या पोत्यासाठी लोकं ख्रिश्चन झाली?' मोबाइलवर टाइप करायला घेतलं आणि संपेचना, म्हणून मग सरळ पत्रच. रागावलो नाहीये. फक्त एक दुरुस्ती, आमच्या नगर जिल्ह्यात तांदूळ कुठला आलाय, बाजरी म्हण. भात आमच्याकडं सणाला नाहीतर आजाऱ्याला.

आता खरंखोटं सांगतो. आमचं गाव नेवाशाच्या अंगाला, म्हणजे माऊलींनी जिथं खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तिथून फार लांब नाही. पण माझी पणजी महारवाड्यातली, तिला देवळाच्या पायरीपर्यंतच मुभा, पुढं नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा मिशनवाल्यांनी कामं काढली, धान्य दिलं, पोरकी पोरं सांभाळली, आणि हो, त्या काळात बाप्तिस्मे खूप झाले, आमच्या पणजोबांचापण तेव्हाचाच. पोटात काही नव्हतं हे कबूल करायला मला लाज कशाची वाटावी? पण दुष्काळ सरला, पाऊस आला, बाजरी पिकली, तरी हे लोक परत गेले नाहीत. फॉरवर्डात एवढंच नसतं बघ.

का गेले नाहीत ते आज्जीनं सांगितलेलं. गावात मिशनची बायबल बाई यायची, आपलीच नऊवारीतली मराठी बाई, पाटी घेऊन ओट्यावर बसायची. पणजीनं तिच्याकडं अक्षरं गिरवली ती चार लेकरं झाल्यावर! तिचं ते शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं, पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे, कडा कुरतडलेल्या, आणि योहानाच्या पानांवर तेलकट बोटाचा डाग एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकत गेलेला दिसतो. पणजी भाकरी थापून झाली की हात न धुताच वाचायला बसायची म्हणे, एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं, म्हणजे शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. कशाला एवढ्या मोठ्यानं, असं पणजोबा ओरडले तर म्हणायची, ऐकू दे की गावाला.

मला विचारशील तर मिशननं आम्हाला काय दिलं, तर हे. धर्म नंतर. आणि हे काही आमच्यापुरतंच नव्हतं बरं का. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ ला उतरले, नगरला १८३१ पासून. सिंथिया फरार नावाची एकटी, लग्न न केलेली बाई १८२७ ला आली, पुढं नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ ला इथंच वारली. तिची शाळा जोतीराव फुले बघून गेले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. म्हणजे तुमच्या पुण्याला आमच्या नगरनं शिकवलंय, हे जरा ऑफिसात सांग. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय.)

पण सगळं गोड गोड नव्हतं, तेपण ऐक. साहेबाचा बंगला वेगळा, पंखा ओढायला आपली माणसं, आणि पगार, मान, निर्णय सगळे त्यांच्याच हातात. कवी ना. वा. टिळक, मूळचे ब्राह्मण, १८९५ ला ख्रिस्ती झाले, बरीच वर्षं नगरकडं काम केलं, त्यांनापण शेवटी हे जाचलंच असणार, कारण १९१७ ला मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघं चालत. आज आमच्या उपासनेत पेटी तबला झांजा असतात, टिळकांची पदं अभंगाच्या चालीवर म्हणतो, तू एकदा आला होतास ना, म्हणालास अरे हे तर भजनच आहे. भजनच आहे येड्या.

आणि जात? ती कुठं गेली नाही. सोयरीक जमवताना चर्चातली म्हातारी माणसं चहा पिता पिता हळूच विचारतातच, 'मूळचे कुणाकडचे?' बाहेरचे म्हणतात तुमच्यात जात नसते, आतले म्हणतात मूळचे कोण, आणि सरकार म्हणतं तुम्ही एससी नाहीच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात जवळजवळ फक्त हिंदूच होते, मग १९५६ ला सगळे शीख आले, १९९० ला बौद्ध, आम्ही नाहीच. त्यामुळं आमच्या भावकीत एका चुलत्याच्या दाखल्यावर हिंदू महार, दुसऱ्याच्या ख्रिश्चन, आणि बाबासाहेबांनी १९५६ ला दीक्षा घेतल्यावर जी घरं बौद्ध झाली त्यांच्या दाखल्यावर बौद्ध, पण सगळ्यांचं आडनाव एकच, आजोबा एकच. पप्पांना एका कचेरीत क्लार्कनं विचारलेलं, 'पोराचं नाव सॅम्युएल, आणि आडनाव असलं कसं?' पप्पा म्हणाले, साहेब आडनाव आधीपासूनचं, नाव नंतरचं. दाखला मात्र सहा हेलपाटे मारल्यावर मिळाला.

गेल्या मे महिन्यात आत्याच्या नातीचं लग्न झालं, नवरा बौद्ध घरातला. सकाळी वंदना, दुपारी आमच्या चर्चच्या पाळकांची प्रार्थना, आणि संध्याकाळी वऱ्हाडातल्या हिंदू मामांनी हट्ट करून हळद लावली ती लावलीच. फोटोग्राफर बिचारा गोंधळला, कुठल्या फोटोला जोडे काढायचे आणि कुठल्याला नाही हे त्याला कुणी सांगेचना. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, यात्रा भरते ती बघायला चल एकदा, चर्च कॅथलिक, आमचं प्रोटेस्टंट, पण आमच्या आज्जी नारळ घेऊन निघायच्या, आणि शेजारच्या काकू नवस फेडायला त्यांच्याआधी एसटीत बसलेल्या असायच्या. माउली शब्दात कुणाची माउली ते कुणी विचारत नाही.

तर असं आहे. तू फॉरवर्ड करणाऱ्याला हे सगळं सांगू नकोस, ऐकणार नाही. तू विचारलंस म्हणून तुला सांगितलं, आणि विचारलंस ते बरं केलंस, नाहीतर लोकं न विचारताच ठरवून मोकळी होतात.

नाताळच्या करंज्या आणि शंकरपाळ्या तुझ्यासाठी ठेवल्यात, पण अनारसे बिघडले, आईला ते सांगू नकोस. आणि दिवाळीला तुझ्या आईनं चिवडा पाठवलेला तो स्टीलचा डबा आमच्याकडंच राहिलाय, आमच्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत त्यामुळं तो करंज्यांनी भरलाय, तू येऊन नेलास तर टिकतील, नाहीतर पप्पा रोज दोन दोन कमी करताहेत.

तुझा,
सॅम्या