आधी विषय, मग बोलणं

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आवाज येतो पण शब्द उमजत नाहीत, हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. वयाबरोबर कान आधी उंच पट्टीचे बारीक आवाज गमावतो. स्वर पोचतात, पण स, फ, ट, क गळतात, म्हणून सात, साठ, आठ सारखेच वाटतात. डोकं मंदावलंय असं मात्र मनात आणू नका. गळलेली अक्षरं मन मागच्यापुढच्या शब्दांवरून भरतं, आणि त्यात म्हातारी माणसं तरुणांपेक्षा उणी नसतात. १९७७ साली अमेरिकेत याचीच चाचणी तयार झाली. गोंगाटात वाक्य ऐकवायचं आणि शेवटचा शब्द विचारायचा. काही वाक्यांत तो अंदाजानं कळतो, काहींत नाही. ओट्यावर अहिराणीत गप्पा चालतात तेव्हा तुम्हाला सोपं जातं तेही यामुळेच, पुढचा शब्द आधीच माहीत असतो.

पण मन चुकीचाही शब्द भरतं. आई, तू "भरतासाठी भांडी काढा" म्हणालीस तर बाबा वांगी काढतील आणि वांगीच ऐकली असं ठामपणे सांगतील. तो हट्ट नाही गं, त्यांना खरोखर तसंच ऐकू आलेलं असतं. तेच वाक्य मोठ्यानं म्हणू नकोस, शब्द बदल: "परात आणि पातेलं द्या."

बोलताना आधी हाक, मग विषय, क्षणभर थांब, मग मुद्दा. "अहो, कापसाचं सांगतेय. व्यापारी उद्या येतोय." शब्द ताणू नकोस, लय मोडते. ओरडल्यानं स्वर वाढतात, व्यंजनं तशीच दबलेली राहतात. तीन-चार फुटांवर, तोंडावर उजेड पडेल असं बस. मे महिन्यात कूलर बंद करणं जिवावर येतं, पण बोलण्यापुरता तरी कर.

आकडे, नावं, औषधं यांत अंदाज कामाचा नाही. बाबा, भाव ऐकलात की "बरोबर ना?" विचारू नका, "सात, शून्य, सहा, शून्य" असा एकेक आकडा स्वतः म्हणून दाखवा. गोळीचं नाव लिहूनच घ्या.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून आधी मळ तपासून घ्या, काडी घालू नका. मग श्रवणचाचणी. मशीन दिलं तर सुरुवातीचे काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटेल. म्हणून डबीत ठेवू नका, रोज थोडा वेळ वाढवत न्या. अंदाज बांधण्यात मेंदू दमतो, तेव्हा व्यापाऱ्याला सकाळीच बोलवा.

तुमची लेक