घोरपडीचं तेल म्हणजे औषध नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या आठवडी बाजारात सांधेदुखीवरचं घोरपडीचं तेल राजरोस विकलं जातं. कढईत तेल, शेजारी फडक्यावर वाळलेली नखं आणि कातडीचे तुकडे. विकणाऱ्याला हटकलं तर म्हणाला, "बाई, दवाखान्यातली औषधंबी जनावराचीच की!" भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. त्याचं बोलणं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटतं.

मी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते. भाताच्या लावणीला आणि ऊसतोडीला सर्पदंशाचे पेशंट यायचेच. घोणस चावल्याचा संशय असला की कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की विष भिनलंय हे नक्की. सापाच्या विषावरच्या लसीची भुकटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवताना बाटली झटकायची नाही, फेस होतो. हलक्या हाताने फिरवायची. सुरुवातीला साधारण १० बाटल्या, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप पोर बघून विष कमी सोडत नाही. अ‍ॅड्रेनालिन भरून उशाशी ठेवायचं. लस घोड्याच्या रक्तातली, एखाद्याला जोरात रिअ‍ॅक्शन येते.

होय, घोड्याच्याच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार करतात आणि ती वेगळी काढून शुद्ध करतात. त्यासाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतं. ते सापाचं विष काढून घेतात आणि सापाला परत रानात सोडतात.

डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून निघतं. इन्सुलिनही आधी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं १९८२ पासून मिळू लागलं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं, तेव्हा अर्क अशुद्ध होता. टोचल्या जागी गळू झालं आणि साखर म्हणावी तशी उतरली नाही. डॉक्टरांनी तिथेच हात आखडता घेतला, अर्क आणखी शुद्ध केला आणि १२ दिवसांनी पुन्हा दिला. मुलगा सावरला. त्या तेलवाल्याला मला हेच विचारायचं आहे: तुमच्या कढईतला कुठला घटक गुडघ्यावर काम करतो? किती लावायचं? अंगावर उठलं तर पुढे काय करायचं?

बाटलीवर बॅच नंबर नाही, तारीख नाही. आणि त्यासाठी जीव जातो तो शेतातले उंदीर-किडे खाणाऱ्या घोरपडीचा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्याच अनुसूचीत ती आहे. मारली तर किमान ३ वर्षं कैद. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याची रानं एवढी जवळ असताना हा धंदा भर बाजारात चालावा याचा मला संताप येतो.

वन विभागाने बाजाराच्या दिवशी एक फेरी मारावी, ही विनंती. वाचकांनीही असं तेल विकताना दिसलं तर १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं. आणि साप चावलेल्या माणसाला कुणी तेल चोळत किंवा मंत्र टाकत बसलं असेल, तर आधी १०८ ला फोन करावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर