कालनिर्णयची पानं वाचणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बजावलंत म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. पत्र मात्र उघड लिहिते आहे. दहा वर्षं मी घरातली एक गोष्ट झाकून ठेवली आणि त्या झाकण्यात माझ्या मुलाची दहा वर्षं गेली. माझ्यासारखी आणखी एखादी आई इथे कुठे गप्प बसली असेल, तर तिच्या हाती हे पत्र पडावं अशी मनापासून इच्छा आहे.

आपली ओळख 2022 च्या गणपतीत झाली. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या त्या हॉलमध्ये आरती आटोपली होती आणि मागच्या स्वयंपाकघरात आपण दोघी पातेली घासत होतो. तुम्ही वकील आहात आणि माजी सैनिकांच्या केसेस फी न घेता चालवता, हे कुणीतरी बोलता बोलता सांगितलं. मी तुम्हाला विचारलं, "माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा अमेरिकन लष्करात होता. ड्रग्जवरून काढला त्याला. त्याचं आता काही होऊ शकतं का हो?" तुम्ही हातातलं पातेलं बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "काकू, मैत्रिणीला विचारा, कागदावर तारीख कुठली आहे?"

गुन्हा काय, कुठला ड्रग, मुलगा आता काय करतो, यातलं काही विचारलं नाहीत. आधी तारीख विचारलीत, कारण लष्करातून काढतानाचा शेरा फेरतपासणाऱ्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे अर्ज करायला डिस्चार्जपासून 15 वर्षांची मुदत असते. मला हे ठाऊकच नव्हतं. मला वाटत होतं, शिक्का बसला तो बसला. पुढचे तीन आठवडे फोनवर तुम्ही "तुमच्या मैत्रिणीला सांगा" असंच म्हणत राहिलात. मग एका शनिवारी मी डीडी 214, म्हणजे लष्करातून बाहेर पडताना मिळतो तो सेवेचा दाखला, घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. त्यावरचं आडनाव वाचून तुम्ही फक्त चहा टाकलात. त्या दिवशी तुम्ही एक शब्दही विचारला नाहीत, याबद्दल तुमचे पहिले आभार.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचा मुलगा इथेच जन्मला. विसाव्या वर्षी, आम्ही नको नको म्हणत असताना, भरती झाला. 2010 च्या उन्हाळ्यात त्याला अफगाणिस्तानात, कंदाहारजवळच्या अर्घंदाब खोऱ्यात पाठवलं. डाळिंबांच्या बागा आहेत तिथे, असं तो पहिल्या फोनवर म्हणाला होता. त्याच बागांच्या बांधांत सुरुंग पुरलेले असत. वर्षभराने तो धडधाकट परत आला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. 2012 मध्ये लघवीच्या तपासणीत दोनदा गांजा सापडला आणि मार्च 2013 मध्ये त्याला घरी पाठवलं. कागदावर सेवेचा दर्जा होता 'अदर दॅन ऑनरेबल', म्हणजे सन्मानाने नव्हे, आणि कारण होतं 'मिसकंडक्ट, ड्रग अब्यूज'.

असा दर्जा देण्याआधी सैनिकाला मंडळासमोर बाजू मांडायचा हक्क असतो. तो हक्क त्याने सही करून सोडून दिला होता. सही कर, सहा महिन्यांनी दर्जा आपोआप वर जातो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते लिहीत नाही. पण ताई, हे खोटं आहे हे तुम्ही ज्या ठामपणे सांगितलंत, त्याच ठामपणे मी इथे लिहिते : आपोआप काहीही होत नाही. सहा महिन्यांनी नाही, सहा वर्षांनी नाही. अर्ज करावा लागतो आणि पुरावा द्यावा लागतो.

त्या दोन ओळींनी त्याचं काय केलं ते आम्ही रोज पाहत होतो. नोकरीसाठी डीडी 214 ची 'मेंबर-4' प्रत मागतात, तिच्यावर कारण छापलेलं असतं. म्हणून तो अर्जात लष्कराची वर्षं लिहायचाच नाही. मग त्या वर्षांत काय करत होतास, हा प्रश्न यायचा. माजी सैनिकांना कॉलेजच्या खर्चासाठी सरकारकडून मिळणारी मदत, जीआय बिल, तीही गेली. आजार दाखवायला एकदा गेला तर खिडकीवरूनच परत पाठवलं, तेव्हापासून गेला नाही. घरात आम्ही ड्रग हा शब्दही उच्चारत नव्हतो. भारतात सगळ्यांना सांगितलं होतं, कंटाळला म्हणून सोडलं.

तुम्ही सगळ्यात आधी त्याला उपचाराला लावलंत, अर्ज नंतर. लढाईच्या भागात राहून आलेल्या सैनिकाला असा दर्जा असला तरी मानसिक उपचार मिळावेत, असा कायदा 2018 मध्ये झाला आहे, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही त्याच्याबरोबर स्वतः गेलात. डोक्याला बसलेल्या हादऱ्याची आणि पीटीएसडीची, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनाला जडणाऱ्या आजाराची, नोंद कागदावर आली ती त्यानंतर.

मग एका संध्याकाळी तुम्ही आम्हाला समजावलंत की बोर्ड नक्की काय बघतं. व्हिएतनामहून आलेल्या कित्येकांना असेच शिक्के बसले. त्यांच्या आजाराला नाव मिळालं 1980 मध्ये, म्हणजे त्यांच्या कागदांत ते सापडणार तरी कसं? म्हणून 2014 मध्ये संरक्षणमंत्री हेगेल यांनी अशा अर्जांकडे उदार नजरेने बघा असं लेखी कळवलं आणि संरक्षण खात्याच्या 2017 च्या पत्राने, कुर्टा मेमोने, ते आणखी स्पष्ट केलं. त्यातले चार प्रश्न तुम्ही पाकिटाच्या पाठीवर मराठीत लिहून दिलेत. ते पाकीट अजून फ्रिजवर आहे. आजार किंवा तसा अनुभव होता का? तो सेवेत असतानाचा आहे का? त्यामुळे ती चूक समजून घेता येते का? आणि त्या चुकीपेक्षा त्या आजाराचं किंवा अनुभवाचं पारडं जड आहे का? सन्मानाने निवृत्त व्हायला सेवा निष्कलंक असावी लागत नाही, असंही त्यात म्हटलं आहे, हे तुम्ही वाचून दाखवलंत, तेव्हा ह्यांनी चष्मा काढून पुसला.

तरीही आईचं निवेदन द्यायला मी नाही म्हणाले. माझं नाव, माझी सही आणि त्याखाली ड्रग हा शब्द, हे मला झेपेना. तुम्ही आग्रह केला नाहीत. डॉक्टरांचे कागद, सेंट लुईसच्या सरकारी दप्तरातून मागवलेली त्याची लष्करातली फाईल आणि त्याच्याच गाडीत बसणाऱ्या मित्राचं पत्र लावून 2023 च्या वसंतात बोर्डाकडे अर्जाचा फॉर्म 293 गेला. निकाल आला : दर्जा वर नेऊन 'जनरल', म्हणजे 'ऑनरेबल'च्या एक पायरी खाली, केला, काढण्याचं कारण मात्र तसंच ठेवलं. मी पेढ्यांसाठी खवा आणायला निघाले होते. तुम्ही फोनवर हळूच सांगितलंत, "काकू, 'जनरल'वर जीआय बिल मिळत नाही. आणि ती ओळ तशीच आहे. पण पहिला निर्णय कागदांवर झालाय, समोर बसून बोलायची संधी अजून शिल्लक आहे. आहे त्याहून खाली ते नेऊ शकत नाहीत. घाबरायचं कारण नाही."

त्या रात्री मी निवेदन लिहायला बसले. चार पानं लिहिली. माझा मुलगा किती गुणी, किती प्रेमळ, लहानपणी शुभंकरोति कसं म्हणायचा. तुम्ही ते शांतपणे वाचलंत आणि पेन्सिलने जवळजवळ सगळ्यावर काट मारलीत. "आईचं मत बोर्डाला आधीच माहीत आहे. आईने काय पाहिलं तेवढं लिहा, आणि कधी पाहिलं ते लिहा."

कधी? मला कुठल्या तारखा आठवणार होत्या! पण कालनिर्णय होतं. ओक ट्री रोडच्या दुकानातून दर डिसेंबरला आणते, आणि जुनी टाकवत नाहीत म्हणून तळघरात पिशवीत ठेवलेली असतात. चौकटीत मी सगळं लिहिते : गॅस, दूध, कुणाची वाढदिवसाची भेट, कुणाचा फोन. 2010 पासूनची पिशवी मी तुमच्या टेबलावर ओतली. माझ्या बारीक अक्षरातल्या नोंदी तुम्ही भिंग घेऊन वाचलीत, तीन संध्याकाळी. "फोन आला. कानात सूं होतंय म्हणाला." "फोन. हसला नाही." आणि मग 2011 च्या सप्टेंबरवर तुमचं बोट थांबलं. तेव्हा तो रजेवर घरी होता. चौकटीत मी लिहिलं होतं : "आजही कचरा मीच ठेवला."

"हे काय, काकू?"

काही नाही, मी म्हणाले, आळशीपणा त्याचा. आमच्याकडे बुधवारी कचऱ्याची गाडी येते. मंगळवारी रात्री डबे रस्त्याच्या कडेला ठेवायचे असतात, आणि ते काम लहानपणापासून त्याचं. परत आल्यापासून तो ठेवायचाच नाही. मी बोलायचे, तो उठून वर निघून जायचा. गाडी चालवतानाही बुधवारी रस्त्याच्या मधोमध चालवायचा, ह्यांनी त्यावरून त्याला झापलं होतं.

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. आणि मला सांगितलंत की तिकडे रस्त्याच्या कडेला पडलेल्या कचऱ्यात स्फोटकं दडवलेली असत.

ताई, त्या क्षणाबद्दल मी काय लिहू? माझ्या स्वतःच्या हातची नोंद, माझ्याच भिंतीवर टांगलेली, आणि मला ती वाचता आली नव्हती. तशी ओळ पुढच्या दोन रजांमध्ये आणखी पाच वेळा होती, सगळ्या लघवीच्या पहिल्या तपासणीच्या आधीच्या. तो घरी कसा होता, कधीपासून तसा होता, हे दाखवणारा त्या काळातला दुसरा कागदच नव्हता. तुम्ही त्या पानांचं प्रमाणित भाषांतर करून घेतलंत. "दूध 1 गॅलन" सुद्धा वगळू दिलं नाहीत. म्हणालात, सगळं राहू दे, म्हणजे कळेल की हे कुणी पुरावा म्हणून लिहिलेलं नाही.

सुनावणी 2024 मध्ये व्हिडिओवर झाली. पडद्यावर पाच जण, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ. मी इंग्रजीत अडखळत होते. तुम्ही टेबलाखाली माझा हात धरला होतात, ते कॅमेऱ्यात दिसलं नसेल. कचऱ्याच्या डब्यांबद्दल त्याला सरळ विचारलं गेलं आणि तो बोलला. बारा वर्षांत आमच्यासमोर जे बोलला नव्हता ते मी तिथे, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून, पहिल्यांदा ऐकलं. रात्री झोप यावी म्हणून गांजा ओढायचा, हेही त्याने काही न लपवता सांगितलं. चूक होती, असंही म्हणाला.

मग ते जाड पाकीट आलं. 'ऑनरेबल'. आणि कारणाच्या रकान्यात आता 'सेक्रेटेरियल अथॉरिटी', म्हणजे ज्यातून काहीच उघड होत नाही असे दोन शब्द. ह्यांनी तो कागद देवापुढे ठेवला. मी म्हटलं, आधी ताईंना फोन.

तो आता कॉलेजात जातो, जीआय बिलावर. शहाण्णव कुळं विचारणाऱ्या आमच्या नातेवाइकांना मी खरं काय ते सांगून टाकलं. एका नणंदेने तासभर ऐकून घेतलं आणि मग तिच्या जावेच्या मुलाबद्दल विचारलं. तो नौदलात होता, प्रकरण जवळजवळ असंच. तिला मी पहिला प्रश्न विचारला तो तुमचाच : कागदावर तारीख कुठली आहे? तिला तुमचा नंबर दिलाय. न विचारता दिला, राग मानू नका.

कालनिर्णयची पिशवी तुम्ही परत केलीत, पानांवर तुमच्या पिवळ्या चिकटपट्ट्या तशाच आहेत. मी त्या काढल्या नाहीत.

मंगळवारी रात्री डबे अजून मीच बाहेर ठेवते. तो स्वयंपाकघरात भांडी विसळत असतो. कधी म्हणतो, आई, पुढच्या आठवड्यात मी ठेवतो. मी बरं म्हणते.

तुमची कायमची ऋणी,
काकू