पंचनाम्यात 'तोडलेली झाडे : शून्य' लिहून आमची खाडी मारली, साहेब

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

पावसाळ्याआधी खाडीतल्या कांदळवनावर टाकलेला भराव काढू, भरतीच्या पाण्याची वाट मोकळी करू, असा शब्द आम्हाला भर बैठकीत मिळाला होता. पावसाळा उलटला. भराव जागेवरच आहे, वर आणखी डेब्रिजचे, म्हणजे बांधकामाच्या राबीटाचे, डंपर रिकामे झालेत. मागच्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरलं. ती जमीन पुन्हा गोडी कधी होणार, कोण सांगणार?

पंचनामा झाला. 'तोडलेली झाडे' या रकान्यात शून्य लिहिलं. साहेब, तिवर, म्हणजे कांदळवनातलं झाड, काय फक्त कुऱ्हाडीने मरतं? त्याची श्वासमुळं चिखलातून बोटाएवढी वर आलेली असतात, त्यांतून ते हवा घेतं. त्यांच्यावर राबीट टाकलं, भरती अडवली, की झाड उभ्या उभ्या वाळतं. फांदीही न तोडता अख्खं रान गेलं, आणि कागदावर नुकसान नाही!

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ओहोटीला चिखलात उतरते. बिळात आकडी घातली की चिंबोरी, म्हणजे खेकडा, हाताला लागायची. आता विटांचे तुकडे लागतात. कोळंबीची, बोयट माशांची पिल्लं याच मुळांत वाढतात, मग खोल पाण्यात जातात. ही जागा गेली की बोटवाल्यांचीही जाळी हलकी येणार. आम्हा बायकांची कमाई कुठल्याच दप्तरात नाही, म्हणून ती बुडाली तरी भरपाईचा प्रश्नच येत नाही. मुलीची फी मी कशातून भरू?

तुम्हाला पैशाची भाषा कळत असेल तर तीच बोलते. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने जगभरातली कांदळवनं दरवर्षी पुराचं ६५ अब्ज डॉलरहून जास्त नुकसान वाचवतात. शंभर मीटरचा पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी करतो. हेक्टरी कार्बन तर डोंगरातल्या जंगलाच्या कितीतरी पट साठवतो. याच्या बदल्यात तुम्ही डोंगरावर रोपं लावणार? ती काय उधाण अडवणार?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली. मिठी नदीकाठची कांदळवनं भराव टाकून कुणी गिळली, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, भोवतीचे ५० मीटरही मोकळे ठेवा. तरी २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी जवळपास २२ हजार झाडं तोडायची परवानगी मिळालीच. प्रत्येक प्रकल्प 'सार्वजनिक हिताचा' ठरतो. मग आम्ही कोण आहोत? सरपणाची मोळी घेऊन निघालेल्या बाईला अडवायला माणूस हजर असतो, रात्रीचा डंपर अडवायला एकही नाही. हे एका खाडीचं दुखणं नाही, सगळा कारभारच असा चाललाय.

रोपवाटिका नको, उद्घाटन नको. भराव उचला. भरती आत येऊ द्या, तिवराच्या बिया पाण्याबरोबर आपसूक येऊन रुजतील. डंपरमालकावर गुन्हा दाखल करा. पंचनामा नव्याने करा आणि त्यात मेलेलं झाड, बुडालेलं भात, चिंबोऱ्या धरणाऱ्या बायकांची कमाई, सगळं लिहा. यातलं काय कधी करणार, ते तारखेसकट लेखी कळवा. तोंडी शब्द आता आम्ही घेणार नाही.

आपली,
खाडीकाठची एक मच्छीमार बाई