बदली नवऱ्याची, नोकरी जाते बायकोची

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात एका वाचकाने लिहिलं होतं की फौजींच्या बायकांना काय कमी आहे, क्वार्टर मिळतं, कँटीन आहे, पोरांना आर्मी स्कूल आहे. बरोबर आहे हो, कँटीनमधे साबण-तेल स्वस्त मिळतं, पण नोकरी नाही मिळत तिथे.

मी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली नर्स, सातारा जिल्ह्यातली. लग्नाआधी आयसीयूत काम केलंय. मिस्टर फौजेत, त्यांना पीस स्टेशन म्हणजे फॅमिली नेता येईल अशी पोस्टिंग मिळाली की आम्ही सगळे सोबत जातो आणि तिथल्या हॉस्पिटलमधे पहिला प्रश्न हाच, इथल्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का? माझं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं. मग इकडून एनओसी काढा, तिकडे अर्ज करा, ओरिजिनल कागद, फी, व्हेरिफिकेशन, आणि हे सगळं होईपर्यंत हॉस्पिटलवाले शिकाऊच्या पगारावर ठेवतात, ड्युटी मात्र पूर्ण स्टाफ नर्सची, नाईटसकट. कागद हातात येऊन जरा बूड टेकतंय तोवर पुढची पोस्टिंग, भरा परत काळ्या ट्रंका. त्यात पोस्टिंग फील्डची असली तर फॅमिली नेता येत नाही, मग गावी परत यायचं, आणि इथे इंटरव्ह्यूला विचारतात मधे एवढा गॅप का? काय सांगायचं, नवरा बॉर्डरवर होता म्हणून?

टीचर मैत्रिणींचं त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. त्यांनाही जास्त करून कॉन्ट्रॅक्टच मिळतं, पण सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, एकदा पास झालं की 2021 पासून ते आयुष्यभर चालतं, केंद्रीय विद्यालय कुठल्याही राज्यातलं असो. मग नर्सनेच काय घोडं मारलंय? सलाईन लावायची पद्धत काय पंजाबात वेगळी असते का!

अमेरिकेत जानेवारी 2023 मधे कायदा झाला, सैनिकाची बदली झाली की जोडीदाराचं प्रोफेशनल लायसन्स काही अटींवर नव्या राज्यातही चालतं. आपल्याकडेही त्याच वर्षी संसदेत राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा पास झाला, त्यात देशभरासाठी ऑनलाइन नॅशनल रजिस्टरची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे, पण त्यात फौजींच्या घरच्यांसाठी एक साधी सोय करा. नवऱ्याचा पोस्टिंग ऑर्डर दाखवला की नव्या राज्यात पहिल्या दिवसापासून तात्पुरती परवानगी द्या आणि व्हेरिफिकेशन दोन्ही कौन्सिलनी आपापसात करून घ्यावं, आम्हाला लेकरं काखेत घेऊन रेल्वेने फिरवू नका. पगारही मग पहिल्या महिन्यापासून स्टाफ नर्सचाच पाहिजे. आमच्याकडचे पुढारी भाषणात सैनिकांचा जिल्हा सैनिकांचा जिल्हा करतात ना, त्यांनी एवढं दिल्लीत बोलावं.

नाव छापू नका प्लीज, मिस्टरांना युनिटमधे उगीच ऐकून घ्यावं लागेल.

एक नर्स, ता. खटाव, जि. सातारा