नावाला फुटलेलं शेपूट

नाशिक,
बुधवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,

दिवाळीनंतर माझी एक ओळ नाही आणि तुझे तीन मेसेज तसेच पडलेत. आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. घरी सगळे ठीक. पाठ पूर्वीइतकीच दुखते.

लिहायला बसलो कारण शनिवारी मोठ्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं, आणि त्यावर मनापासून हसणारा तू एकटाच आहेस. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "पण चालू झालं ना शेवटी?"

जुनं इंटेल एक्स५२० होतं, दोन पोर्टचं. त्याचं एक पोर्ट मधूनच लिंक सोडायचं. फायबर, ती जोडायचं मॉड्यूल, स्विचचं पोर्ट, सगळं बदलून पाहिलं, दुखणं कार्डाचंच. नवं आणलं मेलॅनॉक्सचं कनेक्टएक्स-४ एलएक्स, २५ जीचं, म्हणजे सेकंदाला २५ गिगाबिटचं. स्विच अजून १० जीचाच आहे, पण नव्याच्या एसएफपी२८ जातीच्या पोर्टात आपली जुनी १० जीची मॉड्यूलं बसतात. एक्स५२०चे नखरे आठवतात ना, परक्या कंपनीचं मॉड्यूल दिसलं की ड्रायव्हर रुसायचा आणि त्याची पर्याय देऊन समजूत काढावी लागायची?

वापरलेलं कार्ड घेतलंस तर आधी मागची पट्टी बघ. मला आली बुटकी आणि रायझरला, म्हणजे कार्ड आडवं बसवायच्या जोडपाटीला, हवी उंच. जुन्या कार्डाची पट्टी नव्याला लागत नाही, भोकं आणि स्क्रूच्या जागा जुळत नाहीत. दिग्या म्हणाला, "तशीच टेकव." तशी टेकवली तर कार्ड खाली झुकतं आणि फायबरला धक्का लागला की स्लॉटमधून सुटतं. पट्टीसाठी चार दिवस थांबलो.

बसवणं वीस मिनिटांचं. दोन्ही पॉवर सप्लायच्या केबली काढायच्या, नुसतं शटडाऊन पुरत नाही. वायर जोडलेली असेपर्यंत बोर्डावर स्टँडबाय वीज असते. मग पॉवर बटण दाबून धरायचं, बोर्डावरचा बारका दिवा विझेपर्यंत. रेलवरून एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढायचा, नाहीतर रॅकच पुढे झुकतो. मनगटाला पट्टा. रायझर दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर. तिरका ओढला की बोर्डावरच्या स्लॉटचं प्लास्टिक चिरतं. नवं कार्ड दोन अंगठ्यांनी दाबायचं, सोनेरी दात पूर्ण आत गेलेले दिसेपर्यंत. "टक्" ऐकू येतं ते खिटीचं, कार्डाचं नव्हे, त्यावर विसंबू नकोस. आणि हवेचं झाकण परत बसवायचं! बापट सरांच्या खोलीत ते विसरलं कोण, हा वाद मी आज उकरत नाही. (तूच.)

आता खरी गंमत. सर्व्हर उठला, पण "नेटवर्कची वाट पाहतोय" म्हणत दोन मिनिटं अडला, आणि मग उठला तो बहिरा. दोन्ही पोर्ट एकत्र बांधणाऱ्या बॉण्डमध्ये एकही पोर्ट नाही. एलएसपीसीआय कमांडच्या यादीत कार्ड दिसतंय, स्लॉटशी लिंक ८ जीटी, रुंदी एक्स८, कुठे खोट नाही. स्लॉट तोच, बस नंबर तोच, हेक्समधला ३बी म्हणजे ५९. मग सेटिंगमध्ये लिहिलेलं पोर्टाचं जुनं नाव, ईएनपी५९एस०एफ०, सापडू नये का? सापडलं, पण शेपूट फुटून: ईएनपी५९एस०एफ०एनपी०. मेलॅनॉक्सचा ड्रायव्हर पोर्टाचं नाव वेगळं सांगतो आणि लिनक्समधलं सिस्टमडी ते मागे चिकटवतं. तीन अक्षरांसाठी अर्धा तास मॉनिटर-कीबोर्ड घेऊन रॅकसमोर उभा होतो.

तू म्हणत होतास सेटिंग मॅकवर, म्हणजे पोर्टाच्या हार्डवेअर पत्त्यावर, बांध; मी म्हणत होतो नावावर. पाटलांच्या ऑफिसात यावरून दोन दिवस अबोला होता आपला. माझं म्हणणं, कार्ड बदललं की मॅक बदलतोच, मग त्याच्यावर कशाला विसंबायचं? पण आता कळलं, सर्व्हर बंद करण्याआधीच नव्या कार्डाचा मॅक वाचता येतो. कार्डावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. नाव मात्र मशीन उठल्याशिवाय कळत नाही. म्हणजे स्टिकरचा फोटो काढून नेटप्लॅनच्या सेटिंग फाइलमध्ये मॅचखाली मॅक, सेट-नेमखाली आपलं साधं नाव आधीच लिहून ठेवायचं. स्टिकरवर बहुधा पहिल्याच पोर्टचा असतो, दुसऱ्याचा सहसा एकाने पुढे. उठल्यावर ईथटूल कमांडच्या मोठ्या पी पर्यायाने ताडून घ्यायचा. छोट्या पी पर्यायाने त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो, कुठलं भोक कुठलं ते समजतं. तर तू अर्धा बरोबर होतास. अर्धाच.

चिंता पुढच्या रविवारची आहे. बॅकअपचा सर्व्हर, तेच कार्ड, दुसऱ्या इमारतीत. त्याचा रिमोट कन्सोल (दुरून स्क्रीन दिसायची सोय) ऑनबोर्ड पोर्टमधूनच बाहेर पडतो, आणि त्या पोर्टाला वायरच नाही. आधी वायर ओढून घ्यावी का? की ट्रॉलीवर मॉनिटर नेऊन भागेल? नवी सेटिंग तात्पुरती लावून बघणाऱ्या नेटप्लॅन ट्रायवर भरवसा नाही: साध्या पोर्टला होकार दिला नाही तर तो १२० सेकंदांत मागे फिरतो, पण बॉण्डला वेगळे पॅरामीटर दिले असले तर मागे फिरता येत नाही म्हणून हात वर करतो. शिवाय स्विचवर पोर्ट सिक्युरिटी आहे. नवा मॅक दिसला की पोर्टच बंद. ते आधी सैल करून घ्यायला हवं, आणि त्यासाठी त्या स्विचवाल्या साहेबांना फोन करायला हवा. तो फोन मी सोमवारपासून टाळतोय. उठल्यावर बॉण्डची स्थिती दाखवणाऱ्या प्रॉक फाइलमध्ये दोन्ही पोर्टांचा ॲग्रिगेटर आयडी, म्हणजे गटाचा क्रमांक, एकच आहे का हे बघायचं ठरवलंय. नाहीतर एक पोर्ट नुसतंच दिवा लावून बसतं आणि कळतही नाही.

वहिनींची नवी नोकरी लागली कळलं, अभिनंदन सांग. चिमीची दहावी ना यंदा? पुण्याचा फ्लॅट विकलास की नाही अजून? लिही.

रविवारी नऊ ते अकरा फोन चालू ठेव.

तुझा,
बंड्या

ता. क. दिग्या ते जुनं इंटेल कार्ड घरच्या मशीनला मागतोय. घरी ने म्हटलं, ऑफिसच्या नेटवर्कवर लावू नकोस. एका सॉफ्टवेअरचा परवाना त्या मॅकशी बांधलेला आहे, म्हणून बॉण्डला मी तोच मॅक हाताने दिलाय.